लेखक वारल्यावर कॉपीराइटची मुदत वाढवायची, हे जुन्या पुस्तकांच्या बाबतीत न्याय्य आहे का?

देवगडचा_वाचक

नमस्कार मंडळी. आमच्या गावात एक जुनं वाचनालय आहे, मी त्याच्या कमिटीवर आहे. आमच्याच भागातले एक मास्तर होते, प्राथमिक शाळेत शिकवायचे, त्यांनी खाडीकाठच्या माणसांवर एक पुस्तक लिहिलं होतं, होड्या कशा बांधायचे, रापण कशी ओढायचे, शिमग्यात कुठल्या वाडीचा मान कुठला, सगळं त्यात आहे. १९५० च्या दशकात मुंबईतल्या एका लहान प्रकाशकाने छापलं, एकच आवृत्ती निघाली. मास्तर १९६८ ला वारले. प्रकाशकाचं दुकान कधीच बंद पडलं. आमच्याकडे एक प्रत आहे, वाळवीने कडा खाल्लेली, दर पावसाळ्यात पानं चिकटतात. दुसरी प्रत कोणाकडे असल्याचं ऐकिवात नाही.

आम्हाला ते परत छापायचंय. नफा वगैरे काही नको, गावातल्या पोरांच्या हातात जावं एवढंच. घरचे लोक शोधले, एक शाखा मुंबईला गेली तिचा पत्ता लागत नाही, जे इथे आहेत ते म्हणतात आम्हाला काही माहीत नाही, सही करून उगाच कशाला अडकायचं.

मग मी मुदतीचा हिशोब बघितला आणि तिथेच माझं डोकं फिरलं. मास्तरांनी पुस्तक लिहिलं तेव्हा नियम होता लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं. ते वारले तेव्हाही ५० च. म्हणजे २०१८ संपलं की पुस्तक सगळ्यांचं. पण १९९२ ला ५० चे ६० केले आणि ते जुन्या पुस्तकांनाही लावले, त्यामुळे आता १ जानेवारी २०२९ पर्यंत थांबायचं.

मला प्रश्न एवढाच आहे की मास्तर जाऊन चोवीस वर्षं झाल्यावर ही वाढीव दहा वर्षं दिली कोणाला आणि कशासाठी? लेखकाला लिहायचं प्रोत्साहन म्हणून मुदत असते असं सगळीकडे सांगतात, मग जो माणूस हयातच नाही त्याला कसलं प्रोत्साहन? तो अजून एक ओळ तरी लिहिणार होता का? वाढवायचंच होतं तर १९९२ नंतर लिहिलेल्या पुस्तकांना वाढवा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जो व्यवहार आधीच ठरला होता, इतकी वर्षं लेखकाचं आणि मग वाचकांचं, त्यातली वाचकांची बाजू वाचकांना न विचारता कमी केली. हे बरोबर आहे का? वेगळं मत असेल तर तेही सांगा, मला खरंच समजून घ्यायचंय.

शाहिराची_नात

दादा, पुस्तकाबद्दल वाईट वाटतं पण मी तुमच्या बाजूची नाही, आधीच सांगते.

माझे आजोबा संगमेश्वर तालुक्यातले, शक्ती-तुऱ्याचे शाहीर. रात्र रात्र सवाल-जवाब चालायचे, समोरच्या पार्टीचा प्रश्न ऐकून तिथल्या तिथे कवन बांधायचे. त्यांच्या गाण्यांची छोटी पुस्तकं एकाने छापली, जत्रेत विकली जायची. छापणाऱ्याने एकरकमी थोडे पैसे दिले आणि कागदावर सगळे हक्क लिहून घेतले, आजोबांना मराठी वाचता यायचं पण त्या कागदातली भाषा काय कळणार. नंतर त्याच गाण्यांच्या कॅसेट निघाल्या, आता पोरं त्यावर रील करतात. आमच्या घरात आजपर्यंत एक रुपया आला नाही.

तुम्ही म्हणता वाचकाला दिलेला शब्द मोडला. लेखकाला दिलेला शब्द कोणी कधी पाळला ते सांगा ना. आमच्याकडे कोणाच्या आजोबांनी आंब्याची कलमं लावली तर नातवाला मिळतात, पणतवाला मिळतात, कोणी विचारत नाही की आजोबा जाऊन साठ वर्षं झाली आता बाग सगळ्या गावाची करा. गाण्यालाच मुदत का? आणि ती दहा वर्षांनी वाढली तर लगेच अन्याय? जुन्या माणसांनी नव्यांपेक्षा कमी कष्ट केले का, की त्यांच्या घरच्यांना ५० आणि कालच्या लेखकाच्या घरच्यांना ६०? मला तर उलट तोच भेदभाव वाटतो.

अ‍ॅड_रत्नागिरी

दोघांचंही वाचलं. मी वकिली करते, दिवाणी कामं जास्त, पण हा विषय आवडीचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी १९९२ ची गोष्ट. रवींद्रनाथ टागोर ऑगस्ट १९४१ मध्ये गेले. मुदत मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात, म्हणजे ५० वर्षांच्या हिशोबाने त्यांचं सगळं साहित्य ३१ डिसेंबर १९९१ ला मोकळं, म्हणजे कोणालाही छापता येईल असं, होणार होतं. हक्क त्यांच्याच विश्वभारती या संस्थेकडे होते. डिसेंबरच्या अगदी शेवटच्या आठवड्यात केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि ५० चे ६० केले, नंतर १९९२ ला त्याचा कायदा झाला. एका थोर लेखकाचं साहित्य एका संस्थेच्या हातात अजून काही काळ राहावं म्हणून देशभरातल्या सगळ्या भाषांतल्या सगळ्या लेखकांची मुदत वाढली. मराठीत बघायचं तर भा. रा. तांबे डिसेंबर १९४१ मध्ये गेले, म्हणजे टागोरांच्याच वर्षी. तांब्यांची कविताही त्या अध्यादेशाने आणखी दहा वर्षं थांबली. माधव ज्यूलियन १९३९ ला गेले, ते १९९० लाच मोकळे झाले होते, जे आधी मोकळं झालं होतं त्याला नव्या कायद्याने परत बांधलं नाही, एवढं तरी केलं. आपल्या दापोलीकडच्या पालगडचे साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, ते २००१ ला मोकळे व्हायचे ते २०११ ला झाले.

आता शाहिरांच्या नातीसाठी मुद्दाम लिहिते, कारण ताई तुमचं म्हणणं अर्धं मला पटतं. १९९२ च्या दुरुस्तीत वाढीव दहा वर्षं लेखकाच्या घरी जातील असं कुठेही लिहिलेलं नाही. ज्याच्या हातात त्या दिवशी हक्क, त्याचीच मुदत वाढली. म्हणजे तुमच्या आजोबांनी कागदावर सगळं लिहून दिलं असेल तर दहा वर्षं त्या छापणाऱ्याला मिळाली, तुम्हाला नाही.

आणि हे कोणाला सुचलं नसतं असंही नाही. इंग्लंडच्या १९११ च्या कायद्यात जुन्या पुस्तकांची मुदत वाढली तेव्हा त्यातच लिहिलं होतं की लेखकाने आधी हक्क विकले असतील तर जुनी मुदत जिथे संपली असती त्या दिवसापासून पुढचा वाढीव काळ लेखकाकडे परत येईल, ज्याने विकत घेतले त्याला हवं तर नवा व्यवहार करावा. त्याच कायद्यात अजून एक होतं, लेखकाने हयातीत हक्क विकले तरी मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते वारसांकडे परत यायचे. १९१४ पासून आपल्याकडे तोच कायदा लागू होता. १९५७ ला आपण स्वतःचा कायदा केला त्यात ही २५ वर्षांची सोय आली नाही.

अजून एक, आणि ही गोष्ट मला जास्त खटकते. १९९४ ला दुरुस्ती करून लेखकाच्या बाजूने चांगले नियम आणले, करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरायची, घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलाच नाही तर तो लेखकाकडे परत. पण त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय की आधीच्या करारांना हे लागू नाही. म्हणजे मुदत वाढवताना जुनं-नवं सगळ्यांना सारखं आणि लेखकाला संरक्षण देताना मात्र फक्त नव्यांना. हक्क धरून बसलेल्याला मागून फायदा चालला, लेखकाला मागून फायदा नाही चालला.

गुहागर_खाडी

वकीलताईंनी शेवटी जे लिहिलंय ना तिथेच सगळा प्रश्न आहे असं मला वाटतं.

देवगडच्या दादांनी लिहिलं की ठरलेला व्यवहार मधेच बदलला म्हणून अन्याय. पण कोकणातल्या माणसाने असं म्हणताना जरा थांबायला हवं, कारण आपल्या बापजाद्यांच्या हाताला जमीन लागली ती ठरलेला व्यवहार मधेच बदलल्यामुळेच. खोती पिढ्यान्‌पिढ्यांची होती, गावचा सारा वसूल करायचा हा हक्क कागदावर पक्का होता, खोताच्या बाजूने बघितलं तर त्याचा चालू हक्कच होता. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा-सात वर्षं शेतं ओसाड ठेवून संप केला, डॉ. आंबेडकरांनी १९३७ ला खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, १९४९ ला कायदा झाला, पुढे कूळकायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि जो जमीन कसत होता तो मालक झाला. हे सगळं जुन्या हक्कांवर चाललं, फक्त नव्या जमिनींवर नाही. आणि ते बरोबरच झालं, माझ्या पणज्याच्या नावावर सातबारा आला तो त्यातूनच.

म्हणून "मधेच बदल करू नये" हे मी मानत नाही. बदलामुळे कोणाचं कोणाकडे गेलं ते बघायचं. खोती गेली तेव्हा थोड्यांकडून काढून कसणाऱ्या पुष्कळांना मिळालं. १९९२ ला नेमकं उलटं झालं, पुष्कळ वाचकांकडून काढून थोड्या हक्कवाल्यांना दिलं, आणि ज्याने खरोखर कसलं तो लेखक तर दोन्हीकडे नाही. ताई, तुमच्या आजोबांची गाणी ही कलमांची बाग म्हणालात तर त्या बागेचं कूळ तुमचे आजोबा होते आणि खोत तो छापणारा. १९९२ ने खोताची मुदत वाढवली.

इंग्लंडात १८४१ साली हीच चर्चा झाली होती, तेव्हा आपल्या शिक्षणाच्या संदर्भात ज्याचं नाव घेतो तो मेकॉले पार्लमेंटमध्ये बोलला होता, की कॉपीराइट म्हणजे लेखकांना बक्षीस देण्यासाठी वाचकांवर बसवलेला कर आहे. त्याचा कर द्यायला विरोध नव्हता, लेखक जगायला हवा हे तो मान्य करायचा, पण कर जितका वाढवाल तितकं लेखकाच्या हातात पडत नाही हे त्याचं म्हणणं होतं, विशेषतः तो मेल्यावरचा काळ जेवढा लांबवाल तेवढं. दीडशेहून जास्त वर्षांनी अमेरिकेत तेच गणित अर्थतज्ज्ञांनी मांडलं. १९९८ ला तिथे मुदत वीस वर्षांनी वाढवली, जुन्या-नव्या सगळ्याला. त्यावर केस झाली, त्यात सतरा अर्थतज्ज्ञांनी कोर्टाला लेखी मत दिलं, मिल्टन फ्रीडमन पण होते त्यात, नोबेल मिळालेले अजून काही होते, आणि त्यांनी सांगितलं की नव्या पुस्तकालासुद्धा या वीस वर्षांचा आजच्या किमतीत फायदा जेमतेम एक टक्का होतो, जुन्याला तर प्रोत्साहन म्हणून शून्य. तरी २००३ ला सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोनने कायदा टिकवला. कोर्टाने म्हटलं हे ठरवायचा अधिकार संसदेचा. अधिकार आहे म्हणजे न्याय्य आहे असं होत नाही, एवढं मात्र मी म्हणेन. तिथे १९९९ पासून २०१९ उजाडेपर्यंत मुदत संपून एकही छापील पुस्तक नव्याने मोकळं झालं नाही.

कुडाळचो_बुवा

मंडळी, तुमी सगळे पुस्तकाचा बोलतास, माका गाण्याचा बोलूचा आसा.

आमी डबलबारीवाले, म्हंजे दोन भजनी मंडळांच्या सामन्यात गाणारे. रूपावली, अभंग, गौळण, गजर, ह्या सगळा आमचा, पण चाली खयल्यो? बऱ्याच जुन्या गाण्यांच्यो, आमच्या गुरूंनी पण तशेच बांधल्यानी. आमच्या मंडळातल्या पोरान एका जुन्या तबकडीवरचा भक्तिगीत यूट्यूबर टाकल्यान, तबकडी आमच्याच घरातली, सुया लावन वाजवलेली, आणि दुसऱ्या दिसाक कॉपीराइटचो क्लेम इलो. ज्या कंपनीन क्लेम केल्यान तिना ती तबकडी काय काढूक नव्हती, तेंनी दुसऱ्या कंपनीकडसून हक्क इकत घेतलेले. गाणारी बाय, पेटीवालो, तबलेवालो, कोणाचाच घर ह्यात नाय.

माझा म्हणणा इतक्याच, लेखकाच्या नातवंडांका दोन पैशे गावतत तर गावांदेत, माझी ना नाय. पण कंपनीक म्हातारपण नसता, पोरा-बाळा नसतत, तिची मुदत कित्याक वाढवल्यानी? १९९२ ला तबकड्यांची पण ५० ची ६० केल्यानी ना? वकीलताईंनू, ह्या खरा काय?

अ‍ॅड_रत्नागिरी

बुवा, खरं आहे. रेकॉर्डिंगची मुदत माणसाच्या मृत्यूवरून नाही, प्रसिद्ध झाल्या वर्षावरून मोजतात, आणि तीही त्याच दुरुस्तीने ५० ची ६० झाली. सिनेमाचंही तसंच. म्हणजे १९६४ साली बाजारात आलेली तबकडी २०१४ संपल्यावर मोकळी व्हायची ती २०२४ संपल्यावर झाली. तुमच्या तबकडीवर कुठलं साल आहे ते बघा.

पण एक सांभाळा, तबकडीची मुदत वेगळी, त्यातल्या शब्दांची आणि चालीची वेगळी. गीतकार-संगीतकार उशिरा वारले असतील तर त्यांचा हक्क अजून चालू असतो, तबकडी मोकळी झाली तरी. पारंपरिक अभंग असेल आणि चालही पारंपरिक असेल तर तो प्रश्न नाही. संतांच्या अभंगावर कोणाचा हक्क नाही, त्यामुळे क्लेम आला की घाबरून व्हिडिओ काढू नका, वाद घालायची सोय असते तिथे साल लिहून कळवा.

शाहिराची_नात

मी काल रात्री हे सगळं परत वाचलं. १९११ चा तो नियम माहीतच नव्हता. वाढीव वर्षं घरी परत आली असती तर मी आज वेगळ्या जागी असते.

तरी दादा, एक गोष्ट मी सोडणार नाही. तुम्ही आणि गुहागरवाले दोघे म्हणता की मेलेल्याला प्रोत्साहन कसलं. प्रोत्साहन ही एकच गोष्ट का धरायची? आजी अजून आहे. तिने चूल सांभाळली म्हणून आजोबा रात्रभर फडात उभे राहिले, शेतीची कामं तिने ओढली, बिदागी कधी मिळायची कधी नुसता नारळ. गाणी त्यांच्या नावावर आहेत पण त्यामागे तिचं आयुष्य आहे. तिला मिळणारा पैसा हा आधी केलेल्या कामाचा आहे, पुढच्या कामाची लाच नाही. ५० असो की ६०, मुदतीचा आकडा ठरवताना हा विचार कोणी करत नाही. सगळे बोलतात पुढे किती पुस्तकं निघतील त्यावर.

देवगडचा_वाचक

ताई, हे मान्य आहे मला. आजीला मिळायलाच हवं. मास्तरांच्या बायकोला मिळालं असतं तर मला आनंदच झाला असता, पण त्या १९८० च्या आतच गेल्या, आणि मृत्यूनंतरची पहिली ५० वर्षं एवढ्यासाठीच तर आहेत ना, की बायको-मुलं सांभाळली जावीत. पन्नासाव्या ते साठाव्या वर्षात कोण उरतं बघा. तुमच्यासारखी कुटुंबं फार थोडी, बाकी एकतर कंपनी नाहीतर आमच्यासारखं, म्हणजे कोणीच नाही. त्या एका नावाजलेल्या लेखकासाठी दहा वर्षं वाढवली तेव्हा ज्यांना कोणी विचारत नाही अशी शेकडो पुस्तकं पण कुलुपात गेली, आणि कुलपाची किल्ली कोणाकडे तेही माहीत नाही. नावाजलेलं पुस्तक कुलुपात असलं तरी छापलं जातं, त्याला गिऱ्हाईक आहे. आमच्या मास्तरांचं मात्र कोणी छापतही नाही आणि छापू देतही नाही.

आणि कोकणात दहा वर्षं ही काही साधी गोष्ट नाही. चिपळूणचं वाचन मंदिर १८६४ चं, २००५ ला पाणी शिरलं, परत २०२१ च्या जुलैत शिरलं, किती जुनी पुस्तकं गेली. दमट हवा, कसर, वाळवी, पूर, इथे कागद थांबत नाही. मुदत वाढवणाऱ्यांनी दिल्लीत बसून दहा आकडा लिहिला, पण ज्या पुस्तकाची एकच प्रत आहे त्याला दहा वर्षं म्हणजे कदाचित कायमचंच.

सावंतवाडी_प्रकाशन

मी लहान प्रकाशक आहे, त्यामुळे इथे माझी बाजू कोणाला आवडणार नाही, पण लिहितो.

आम्ही वारसांना मानधन देऊन जुन्या पुस्तकांचे हक्क रीतसर घेतो. करार करताना मुदत किती उरली बघून रक्कम ठरवतो. आता समजा उद्या सरकारने तुमचं ऐकलं आणि ६० चे परत ५० केले, तेही एका रात्रीत अध्यादेश काढून, तर मी जे पैसे मोजले ते पाण्यात. मी काही खोत नाही हो, कर्ज काढून कागद आणतो. खोती जाताना सरकारने खोतांना काहीएक भरपाई तरी ठेवली होती. म्हणून माझं म्हणणं, जुन्या पुस्तकांची मुदत वाढवूही नका आणि एकदम कमीही करू नका. कमी करायची तर नव्या पुस्तकांपासून, किंवा बरीच आधी सूचना देऊन.

आणि वाढवायचा धोका संपलेला नाही. व्यापार करारात मोठे देश ७० मागतात. जपानने २०१८ च्या शेवटी ५० चे ७० केले, कॅनडाने २०२२ च्या शेवटी. कॅनडात तर त्यामुळे पुढची वीस वर्षं लेखक मोकळे होणं थांबलं. आपल्याकडे असं झालं तर आम्हा लहान प्रकाशकांना फटकाच आहे, कारण लेखक मोकळा झाला की स्वस्त आवृत्ती काढून आम्ही जरा श्वास घेतो.

वि. स. खांडेकर शिरोड्याला शिकवायला होते, आणि वेंगुर्ल्याजवळचे चिं. त्र्यं. खानोलकर, दोघेही १९७६ ला गेले. जुन्या कायद्याने १ जानेवारी २०२७, आताच्या कायद्याने १ जानेवारी २०३७. दहा वर्षं एकदा गेली. २०३६ च्या डिसेंबरात टागोरांच्या वेळेसारखं परत झालं तर आपल्या भागातले हे दोन्ही लेखक अजून लांब जातील.

गुहागर_खाडी

प्रकाशक दादा, तुमचा भरपाईचा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो मान्य करतो. ज्याने भरवसा ठेवून पैसे घातले त्याला एका रात्रीत बुडवणं चूकच. पण मग हाच भरवसा वाचकाने पण ठेवला होता, वाचनालयाने ठेवला होता, १९९१ च्या डिसेंबरात स्वस्त आवृत्ती काढायची तयारी केलेल्या तुमच्यासारख्याच कोणी ठेवला असेल. त्यांना काय भरपाई मिळाली? हक्क कमी करताना सूचना-भरपाई आणि वाढवताना काहीच नाही, हे मला पटत नाही.

आणि १९११ च्या त्याच जुन्या कायद्यात मधला रस्ता पण होता. लेखक जाऊन २५ वर्षं झाली की कोणीही रीतसर नोटीस देऊन पुस्तक छापू शकायचं, मालकाला किमतीच्या दहा टक्के रॉयल्टी दिली की झालं, परवानगीसाठी मागे फिरायला नको. आणि कायदा आला तेव्हा जी पुस्तकं आधीच हक्कात होती त्यांना २५ ऐवजी ३० वर्षं ठेवली होती, म्हणजे जुन्या व्यवहारवाल्यांचा वेगळा विचार केला होता. हे आज असतं तर आजीला दहा टक्के मिळाले असते, मास्तरांचं पुस्तक केव्हाच निघालं असतं, आणि प्रकाशकाला पण आधीपासून माहीत असतं की २५ वर्षांनंतर स्पर्धा येणार. शंभर वर्षांपूर्वी जमलं ते आता का जमू नये?

कुडाळचो_बुवा

ह्या धा टक्क्याचा माका पटला. परवानगी मागूक जावा तर मालकच गावणा नाय, धा टक्के खयतरी भरून ठेवले म्हंजे ज्येचो आसा तो येऊन घेयत.

अ‍ॅड_रत्नागिरी

बुवा, तशी थोडी सोय आजही आहे. देवगडच्या दादांसाठी तेच लिहायचं राहिलं होतं.

एक, प्रत वाचवायला २०२९ पर्यंत थांबायची गरज नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ ला भर घातली आहे, ना-नफा सार्वजनिक वाचनालयाकडे छापील प्रत असेल तर जपणुकीसाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत करून ठेवता येते. शिवाय पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तर वाचनालयाच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती काढता येतात. तेव्हा या पावसाळ्याच्या आत स्कॅन करून घ्या, बाकीचं नंतर. नेटवर टाकू नका, तो वेगळा प्रश्न आहे.

दोन, कलम ३१-अ. लेखक वारला आहे किंवा हक्कदार सापडत नाही अशा पुस्तकासाठी परवाना मागता येतो. आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, ती देशात मोठ्या प्रमाणात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात द्यावी लागते, मग अर्ज, मग रॉयल्टी ठरते ती सरकारकडे जमा करायची. २०२१ पासून हे काम कमर्शियल कोर्टाकडे गेलंय. खरं सांगायचं तर पाचशे प्रतींच्या पुस्तकाला हा खर्च परवडत नाही. कायदा आहे पण तो मोठ्यांच्या खिशाला. १९११ ची नोटीस-आणि-दहा-टक्के पद्धत इथे कितीतरी बरी होती.

तीन, इथे जे नातेवाईक आहेत त्यांना परत एकदा भेटा. सही म्हणजे अडकणं नाही हे समजावून सांगा, एका आवृत्तीपुरती, इतक्या प्रतींपुरती परवानगी असं साध्या मराठीत लिहिलं की लोकांची भीती जाते. पण सगळे वारस एकत्र मालक असतील तर एकाच्या सहीने काम पूर्ण होत नाही, तेव्हा मुंबईच्या शाखेचा शोध सोडू नका, गावच्या मंडळाच्या मुंबई शाखेत विचारा, गणपतीला कोणी ना कोणी येतंच. आणि प्रकाशकाचा जुना करार कुठे सापडला तर त्यावरची तारीख आधी बघा, १९५८ च्या जानेवारीआधीचा आहे की नंतरचा, कारण १९५७ चा कायदा तेव्हापासून लागू झाला, त्यावर बरंच अवलंबून आहे.

मास्तरांच्या न छापलेल्या वह्या कोणाकडे असतील तर त्याही विचारा, पण त्यांचा हिशोब वेगळा आहे. लेखकाच्या हयातीत न छापलेलं लिखाण असेल तर ६० वर्षं मृत्यूपासून नाही, पहिल्यांदा छापल्यापासून मोजतात.

शाहिराची_नात

वकीलताई, मग आमच्या घरी आजोबांच्या हातच्या वह्या आहेत, त्यातली अर्धी कवनं कधीच छापली नाहीत. ती त्या जुन्या कागदात गेली का?

अ‍ॅड_रत्नागिरी

कागद बघितल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण छापलेल्या पुस्तकांची नावं घालून लिहिलेला असेल तर वह्यांमधली न छापलेली कवनं त्यात धरता येणार नाहीत असं मला वाटतं. कागदाचे आणि वह्यांच्या पहिल्या काही पानांचे फोटो मला मेसेजमध्ये पाठवा. आजीची तब्येत बरी असेल तर कुठलं कवन कुठल्या गावच्या फडात म्हटलं होतं ते तिच्याकडून आत्ताच लिहून घ्या, तारखा नसल्या तरी चालतील, सणावारावरून साल काढता येतं.

देवगडचा_वाचक

ताई, स्कॅनिंग करायला आमच्याकडे मशीन येतंय पुढच्या आठवड्यात, कॉलेजची दोन पोरं मदतीला आहेत. वह्या देवगडपर्यंत आणता येत असतील तर त्यांचंही करून देतो, मूळ वह्या आणि फाइल दोन्ही तुमच्याकडेच राहतील, आम्ही एकही प्रत ठेवणार नाही. आणायच्या असतील तर प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत पाणी सुटतं, सुती कापडात बांधून पेटीत घाला.